भिंत कुणी घालायची?

मंडळी, ऐका! जरा पुढं सरका. सरका हो, सतरंजीला काटे नाहीत! ते मागं खांबाला टेकलेले काका, तुम्हीसुद्धा या. खांब पडत नाही, मी दुपारीच हलवून बघितलाय!

हं. तर एक प्रश्न विचारतो. देवानं माणूस घडवला. दोन कान दिले. त्यांना झाकण दिलं का? नाही! सासू बोलली की ऐकावंच लागतं! नाक दिलं. त्याला झाकण? नाही! शेजारणीनं सुकट भाजली की आपल्या माजघरात घमघमाट! पण डोळा दिला, तेव्हा त्याला मात्र पापणी दिली. का हो? धूळ जाऊ नये म्हणून म्हणाल, तर धूळ कानातही जाते. झोप यावी म्हणून म्हणाल, तर मासा पापणीशिवाय झोपतो, साप पापणीशिवाय झोपतो. मग माणसाला का दिली?

हा एक प्रश्न. त्याच्या पाठोपाठ दुसरा. दोन घरं शेजारी आहेत. एकाच्या माडीवरून दुसऱ्याचं परसदार दिसतं. आता मध्ये आडोसा करायचा तर कुणी करायचा? भिंत कुणी घालायची? जो दिसतो त्यानं, की ज्याला दिसतं त्यानं?

पहिल्या रांगेतले वकीलसाहेब हसले बघा! त्यांचं उत्तर तयार आहे. वकीलसाहेब, थांबा, पुढची तारीख घ्या. आधी आख्यान होऊ द्या! पेटीवाले, काळी दोन द्या. ही ओवी माझीच आहे, चुकली तर माझ्या माथी मारा —

डोळ्यां दिली देवें । पापणी इवली ।
भिंत ती पहिली । मानवाची ॥

म्हणा! म्हणा मोठ्यानं! जेवून आलात ना? मग आवाज कुठं गेला?

तर मंडळी, समुद्राकाठी एक गाव. त्याचं नाव करंजवेळ धरून चला. गावात माडाच्या वाड्या, मधून जाणारी पाणंद, आणि पाणंदीच्या कडेला नागवेकरांचं घर. पुढं ओटी, मागं परसदार. परसात काय? तुळशीवृंदावन, विहीर, धुण्याचा दगड, फणसाचं झाड आणि दोऱ्यांवर वाळत घातलेली धुणी. बायांनो, परसदार म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायचं का? पुढचं दार गावाचं, मागचं दार आपलं! पुढच्या दारात बाई पदर सावरून उभी राहते. मागच्या दारात तोच पदर खोचून, केस सोडून, घटकाभर स्वतःची होते.

या घरची बाई सुगंधा. दिगंबर नागवेकराची बायको. दिगंबर होड्या बांधणारा सुतार. माणूस असा गरीब, की खिळा ठोकतानासुद्धा खिळ्याला विचारील, "लागलं का रे?" आणि सुगंधा? अरे बापरे! नाकावर माशी बसू देणार नाही! फुगडीला उभी राहिली तर पंचक्रोशीत जोड नाही. गौरीच्या रात्री एकेकीला अशी गरगरवायची, की बाया हात जोडायच्या, "सोड गो सुगंधे, उद्या नैवेद्य करायचाय!" वय पंचेचाळीस, पण पाय पंचविशीचे.

आणि त्या कार्तिकात, सकाळी चुलीपुढं बसली असताना, हातातला पोळपाट सुटला. उजवा हात उचलेना. उजवा पाय उचलेना. अर्धांगाचा झटका!

तालुक्याला नेली. महिनाभर दवाखान्यात काढला. जीव वाचला, वाचा परत आली, हात थोडा हलायला लागला. पण पाय? पाय लाकडासारखा. डॉक्टरीण बाई होती, स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, "नागवेकर, वैशाखापर्यंत वेळ आहे. रोज सकाळी उन्हात शंभर पावलं टाकायची. तुम्ही जवळपास राहा, पण धरू नका. पायाला कळलं पाहिजे की आपल्याला कुणी उचलणार नाही. या पाच-सहा महिन्यांत पाय सुटला तर सुटला. नाही तर बाईंना उरलेला जन्म खाटेवर काढायचाय."

दिगंबरानं काय केलं? होडीचा काथ्याचा दोर तुळशीवृंदावनापासून विहिरीच्या खांबापर्यंत कमरेच्या उंचीवर बांधला. पुळणीवरून घमेली घमेली रेती आणून त्याखाली पसरली. कशाला? बायको पडली तर मऊ लागावं म्हणून! बोलता येत नाही त्याला, पण रेती टाकता येते. हसू नका, इथं किती जणांनी बायकोसाठी रेती टाकलीय?

पहिल्या दिवशी सुगंधानं दोर धरला, नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही आत जा."

"अगो, डॉक्टरीण म्हणाली जवळ राहा."

"दारामागं राहा. पाठ करून बसा. मी मोजते, ते ऐका. मोजणं थांबलं आणि मी हाक मारली, तरच या. मला पडताना तुम्हीसुद्धा बघायचं नाही!"

मानी बाई हो! मग काय, स्वयंपाकघराच्या दारामागं दिगंबर पाठ करून बसलाय आणि बाहेर आवाज — "एक... दोन... तीन..." धप्! मग रेतीवर घासल्याचा आवाज. श्वास. दोर कुरकुरल्याचा आवाज. आणि पुन्हा — "चार..." दारामागं या गड्याच्या डोळ्याला धार! पण वळला नाही. एकदाही वळला नाही.

पहिल्या दिवशी सात पावलं झाली. आठवड्यानं एकोणीस. नाताळापर्यंत एकेचाळीस! मंडळी, आपल्याला वाटतं माणसाला उभं राहायला जागा लागते. चूक! माणसाला आधी पडायला जागा लागते. जिथं पडलं तरी कुणी "अरेरे" म्हणत नाही अशी हातभर जागा. सुगंधाला ती परसात मिळाली होती.

आता इकडं शेजारी बघा. पूर्वेला भाटकरांचं घर. मनोहर भाटकर चांगला मुलगा, वीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी होता. परत आला आणि जुन्या घरावर माडी चढवली. पाहुण्यांसाठी तीन खोल्या, त्यांच्यापुढं या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅलरी, आणि रस्त्यावर पाटी — 'समोर समुद्र'. खरंच होतं ते! गॅलरीत उभं राहिलं की समोर समुद्र. पण समुद्र आणि गॅलरी यांच्या मध्ये काय? नागवेकरांचं परसदार! बांधणाऱ्या गवंड्याला ते दिसलं नाही, मनोहरलाही नाही. ज्याला लांबचं बघायचंय त्याला मधलं कुठं दिसतं?

नाताळची सुट्टी लागली. पाहुणे आले. सकाळचे साडेआठ. सुगंधा दोर धरून चाललीय — "अडतीस... एकोणचाळीस... चाळीस..." धप्! पडली. पडली ती रेतीत कोपरावर उठली, पदर खांद्यावरून घसरलेला, केस तोंडावर, आणि वरून टाळ्या!

होय, टाळ्या! गॅलरीत पाच-सहा माणसं, हातात चहाचे कप. एक बाई मनापासून ओरडली, "शाब्बास मावशी! उठा! तुम्हाला जमेल!" आणि बाजूचा तरुण मोबाइल धरून शूटिंग करतोय.

आता सांगा, वाईट होती का ती माणसं? मुळीच नाही! कौतुकच करत होती. तुम्ही-आम्हीही टाळ्याच वाजवल्या असत्या. पण सुगंधानं वर बघितलं. पंचक्रोशीला गरगरवणारी बाई रेतीत पडलीय आणि अनोळखी माणसं तिला शाब्बास म्हणतायत! ती उठली नाही हो. दोर सोडला. रांगत, रांगत, मागच्या दारानं आत गेली. दार लावलं, कडी घातली. आणि दुसऱ्या दिवशी बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा झाला, नाही. दिगंबर म्हणाला, "अगो, वैशाख..."

"येऊ दे वैशाख. खाटेवर पडेन, पण तमाशा होणार नाही."

दिगंबर उठला. घालूया आडोसा! पहिल्यांदा दोरीवर साड्या टांगल्या. समुद्रावरचा वारा तो! तासाभरात बायकोचं हिरवं इरकली लुगडं भाटकरांच्या गॅलरीवर फडकतंय, झेंड्यासारखं! पाहुण्यांनी त्याच्यासोबतही फोटो काढले. मग माडाच्या झावळ्यांचे झाप विणून कुंपणावर उभे केले. ते डोक्याइतके उंच झाले, गॅलरी त्याच्या वर! मग काय केलं? बांबू पुरले आणि पंधरा फूट उंच पत्रे ठोकले. इकडून तिकडं, सगळी हद्द. झालं! आता गॅलरीतून खाली काय दिसतं? पत्रा! जिंकलो, म्हणाला. बायकोला हात धरून आणली.

ती दारात उभी राहिली. वर बघितलं. म्हणाली, "आणि ऊन?"

मंडळी, ऊन! भाटकरांचं घर आणि फणसाचं झाड यांच्या मधल्या फटीतून सकाळी आठ ते दहा ऊन यायचं. तेवढंच त्या परसाचं ऊन. पत्र्यांनी समुद्र झाकला नाही, नजर झाकली आणि तिच्याबरोबर ऊनही झाकलं! रेती गारठली. पाय गारठ्यात आखडला, दोन पावलंसुद्धा टाकवेनात. बरं, फटीपुरते पत्रे काढावेत, तर गॅलरीचं टोक नेमकं त्याच फटीत डोकावतंय! नजर येते तिथूनच ऊन येतं. आता काय करशील?

दिगंबर मनोहरकडं गेला. ओटीवर उभा राहून, टोपी हातात घेऊन म्हणाला, "मनोहर, तुझ्या गॅलरीला काहीतरी आडोसा कर बाबा."

मनोहर म्हणाला, "दिगूदादा, वहिनींचं वाईट वाटतं मला. देवाशपथ वाटतं. पण गॅलरी माझी, माझ्या जागेत. समुद्र बघायलाच माणसं येतात. मी पाटी काय लिहू, 'समोर पत्रा'? तुम्हाला आडोसा हवाय, तर तुम्ही भिंत घाला!"

प्रकरण गावकीत गेलं. देवळात बैठक बसली. मानकरी म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याला झाकायचंय त्यानं झाकावं." माना डोलल्या. आणि तिथं एका कीर्तनकार बुवालाही विचारलं होतं, "बुवा, तुमचं काय म्हणणं?" तो बुवा काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "सामोपचारानं घ्या!" आम्हाला काही सुचलं नाही की हा शब्द बाहेर काढतो आम्ही! होय मंडळी, तो बुवा मीच. आज तुमच्यासमोर शालजोडी घेऊन उभा आहे, त्या दिवशी माझ्या तोंडून एक शहाणपणाचा शब्द निघाला नाही. लाज वाटते सांगायला, पण सांगतो.

मग हा गुंता सोडवला कुणी? वकिलानं नाही, मानकऱ्यानं नाही, बुवानं तर नाहीच. सोडवला सोनूआबानं!

सोनूआबा म्हणजे मनोहरचा बाप. वय ऐंशीला टेकलेलं. महिनाभर लेकीकडं राहून पौषात घरी परतला. जन्मभर माडावर चढणारा गडी. गावातले नारळ पाडायचे तर सोनूनंच. आणि मंडळी, त्या गावात एक रीत होती. माडावर चढणारा कुठंही चढो, स्वतःच्या वाडीत असला तरी, बुंध्याला पाय लावण्याआधी हाळी द्यायचा. कशी? अशी —

"चढतोय गोऽऽऽ बायांनोऽऽऽ!"

का? माडावरून चार घरांची परसं दिसतात! कुणी न्हात असेल, कुणी पोराला पाजत असेल, कुणी नुसतीच रडत बसली असेल. हाळी आली की बाया सावरून घ्यायच्या. काम झालं की खाली येऊन दुसरी हाळी, "उतरलोऽऽऽ!" की परसं पुन्हा मोकळी. आणि चढणाऱ्यांचा आपसात एक नेम होता. वरून दिसलं ते वरच ठेवायचं! हाळी देऊनही काही दिसलंच, तरी खाली उतरताना ते नारळासारखं बरोबर आणायचं नाही. खाली कुणी विचारलं, "काय रे, वरून काय दिसलं?" तर उत्तर ठरलेलं, "समुद्र."

आबा घरी आला, ओटीवर बसला आणि म्हणाला, "मनोहर, सुगंधा दिसत नाय ती? मोजल्याचा आवाज येत नाय?"

सुनेनं सगळं सांगितलं. टाळ्या सांगितल्या, पत्रे सांगितले, गावकी सांगितली. आबा ऐकत राहिला. मग उठला. काठी घेतली, घोंगडी घेतली आणि माडीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसला.

सकाळी पाहुणे चहा घेऊन निघाले वर. पहिल्याचा पाय पायरीवर पडायचा अवकाश —

"चढतायत गोऽऽऽ! मुंबईची चार माणसं चढतायतऽऽऽ! तीन बापये, एक बाय! एका बापयाच्या हातात दुर्बीण हायऽऽऽ!"

अहो, चहा सांडला त्याच्या हातातला! दुर्बीणवाला तिथंच वळला! आणि उतरताना पुन्हा — "दोघं उतरलीऽऽऽ! एक वर राहिलाय, स्वतःचाच फोटो काढतोयऽऽऽ! थांबा गोऽऽऽ!"

एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. सगळ्या वाडीत हसू. मनोहर तापला. "आबा, काय मांडलंय हे? माणसं परत जातील! घरात बसा!"

आबा म्हणाला, "मी साठ वर्षं माडावर चढलो. दिवसातनं घटकाभर चढायचो, तरी हाळी द्यायचो. तुझं घर सकाळ-संध्याकाळ चढून बसलंय, आणि हाळी देत नाय! तू देत नायस म्हणून मी देतो."

"पण भिंत त्यांनी घालावी ना! गाव म्हणालं तसं!"

"गावाला माडावर चढता येत नाय," आबा म्हणाला. "त्यास्नी काय माहीत, वरून काय दिसतं ते?"

पाचव्या दिवशी काय झालं, ऐका! नागवेकरांच्या परसात ठाक्-ठुक् आवाज. दिगंबर फटीपुढचे पत्रे काढतोय! कुणी सांगितलं? सुगंधानं! खाटेवर पडल्या पडल्या ती चार दिवस ती हाळी ऐकत होती. नवऱ्याला म्हणाली, "आबा 'उतरली' म्हणतात तेव्हा खरंच कुणी नसतं. काढा पत्रे. मला आबांचा आवाज पुरे."

बघा मंडळी, पंधरा फुटांचा पत्रा जे करू शकला नाही, ते एका म्हाताऱ्याच्या शब्दानं केलं! "उतरलीऽऽ" ऐकू आलं की बाई दोराला. "चढतायतऽऽ" आलं की फणसामागं. पाय बराच मागं गेला होता. एकेचाळीसवरून पाचवर आला होता. पाचाचे पुन्हा बारा झाले, बाराचे तीस झाले. माघ गेला, फाल्गुन लागला.

आणि एक दिवस, आता लक्ष द्या, तबलजी, जरा हलका हात! एक दिवस पाहुणे पहाटेच होडीतून फिरायला गेले. वर कुणी नाही. आबानं "सगळी उतरलीऽऽऽ" हाळी दिली आणि तो दाढी करून घ्यायला नाक्यावर गेला. घरात मनोहर एकटा. त्याला आठवलं, वरच्या चादरी धुवायच्यात. निघाला वर. हाळी दिली का? नाही! स्वतःच्या घरात कुणी हाळी देतं का? चादरी गोळा केल्या, गॅलरीत आला.

खाली सुगंधा, एकटीच; दिगंबर त्या दिवशी होडीच्या कामाला गेलेला. "चौसष्ट... पासष्ट..." धप्!

त्या दिवशी ती वाईट पडली. तोंडावर. रेती तोंडात गेली. दोर हाताला लागेना. डावा हात टेकून उठायचा प्रयत्न करते, पुन्हा पडते. पुन्हा टेकते, पुन्हा पडते. आणि तिसऱ्यांदा मान वर झाली, तर समोर गॅलरीत मनोहर!

नजरेला नजर मिळाली.

मंडळी, आता मनोहरनं काय करावं? सांगा! धावत जाऊन उचलावं? हाक मारावी? "वहिनी, लागलं का" म्हणावं? तुम्ही काय केलं असतं? त्याच्याही ओठावर आलं होतं. पण बाप दीड महिना पायरीवर बसून कंठशोष करत होता, तो काहीतरी कामाला आला! मनोहरनं चादरी छातीशी धरल्या, आणि पाठ फिरवली.

पाठ फिरवली, पण गेला नाही. का नाही गेला? ती हरली आणि तिनं मदतीला हाक मारली, तर ती ऐकायला कुणीतरी हवं म्हणून. भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मागून आवाज येतायत. रेती घासल्याचा. श्वासाचा. हुंदक्याचा. खूप वेळ काहीच नाही. मग दोर कुरकुरला. आणि मग —

"सहासष्ट."

मनोहर तसाच, पाठमोरा, जिना उतरला.

हे मला कुणी सांगितलं? तुम्ही विचाराल ना, बुवा, तुम्ही काय तिथं होता? नव्हतो. मनोहरनं सांगितलं? त्यानं आजवर एका माणसाला सांगितलेलं नाही! मला खुद्द तिनं सांगितलं. ती म्हणाली, "बुवा, आयुष्यात मला खूप लोकांनी बघितलं. फुगडी घालताना तर सगळ्या गावानं बघितलं. पण मला न बघणारा माणूस त्या दिवशी दिसला."

आबा दाढी करून आला. बघतो तर लेक पहिल्या पायरीवर बसलाय, आबाच्याच घोंगडीवर. मान खाली. म्हणाला, "आबा, मी हाळी न देता चढलो."

आबाला काय ते कळलं. शेजारी बसला. म्हाताऱ्यानं साठ वर्षं जे ऐकलं होतं, तेच लेकाला विचारलं.

"काय दिसलं?"

मनोहरनं तोंड उघडलं. मिटलं. डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, "समुद्र, आबा."

बोला, पुंडलिक वरदाऽऽऽ... हां! आता आला आवाज!

त्याच दुपारी बापलेक झाप विणायला बसले. काय केलं त्यांनी? माडावर बसलेल्या माणसाला समोरचा समुद्र दिसतो, पण पायाखालचं फारसं का दिसत नाही? खालच्या झावळ्या आडव्या येतात म्हणून! माणूस हाळी देतो ती लांबची परसं दिसतात म्हणून, पण पायाखालच्यासाठी देवानं माडालाच आडोसा दिलाय. आबानं तेच केलं. कठड्याच्या बाहेर, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातभर रुंदीचे झाप आडवे बांधले.

कळलं नाही? करून बघा! सगळ्यांनी आपला तळहात हनुवटीखाली असा आडवा धरा. धरा, लाजू नका! समोर देवाची मूर्ती दिसते? दिसते. आता मान न वाकवता सांगा, तुमचं पोट दिसतं? नाही ना! ...काका, तुमचं दिसतंय? ते तुमचं वैयक्तिक आहे, त्याला झाप पुरायचा नाही!

वीतभर तळहात! समोरचं सगळं दिसलं, खालचं झाकलं. पाहुण्यांचा समुद्र गेला नाही, सुगंधाचं ऊन गेलं नाही. वकीलसाहेब, आता घ्या निकाल! जो दिसतो त्यानं भिंत घालायची म्हटली, तर पंधरा फूट पत्रा आणि तरीही ऊन जातं. ज्याला दिसतं त्यानं घालायची म्हटली, तर हातभर झावळी! आणि आता सांगा, देवानं पापणी कुठं बसवली? जगावर? नाही! जग झाकायचं तर केवढं कापड लागलं असतं! त्यानं ती बघणाऱ्याच्या डोळ्यावर बसवली. बोटभर! कारण भिंत बघणाऱ्यानंच घालायची, हे त्यानं आधीच ठरवून ठेवलंय.

डोळ्यां दिली देवें । पापणी इवली ।
भिंत ती पहिली । मानवाची ॥

पुढं काय झालं? शंभर पावलं पुरी झाली का? मला माहीत नाही! कुणालाच माहीत नाही. कुणी बघितलंच नाही ना! तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला एवढंच माहीत आहे, की त्या वर्षी गौरी आल्या. रात्री देवळापुढं बायांचा घोळका जमला. पाणंदीतून काठीचा आवाज आला. सुगंधा! स्वतःच्या पायानं! सगळ्यांच्या देखत आली, काठी नवऱ्याच्या हातात दिली आणि मनोहरच्या बायकोपुढं हात केले.

"ये गो. हळू घे. मला आता गरगरवता येत नाय, पण उभं राहता येतं."

आणि घातली फुगडी! एक गिरकी. सावकाश. चार-पाच पावलं फक्त. पण सगळ्या गावासमोर! पडायला जागा मिळाली होती, म्हणून ती उभी राहिली. आणि देवळाच्या पायरीवर सोनूआबा बसला होता. काय करत होता? समुद्राकडं तोंड करून बसला होता! लेक म्हणाला, "आबा, आता बघा की, आता ती दाखवतेय!" तेव्हा कुठं म्हातारा वळला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या.

मंडळी, आता मी तुमच्याकडं वळतो. तुम्हाला वाटलं सुटलो? आपल्यातल्या किती जणांकडं गॅलरी आहे? कुणी म्हणेल, बुवा, आमचं घर बैठं आहे! अहो, प्रत्येकाच्या खिशात एक गॅलरी आहे! ते बघा, तिसऱ्या रांगेत, आत्तासुद्धा माझ्यावर मोबाइल धरलाय. धरा, माझी हरकत नाही, मी दाखवायलाच उभा आहे. पण उद्या रस्त्यात कुणी पडलं, कुणाच्या घरात आवाज चढले, शेजारची मुलगी नापास झाली, कुणाचं लग्न मोडलं, तेव्हा? तेव्हा आपण चढतो. हाळी न देता चढतो! आणि उतरताना रिकाम्या हातानं उतरत नाही, नारळांचा घड घेऊन उतरतो आणि नाक्यावर फोडतो! वर म्हणतो काय? "त्यांनी झाकून घ्यावं की!"

नाही! त्यांनी नाही. आपण!

आजपासून एवढंच करा. चढण्याआधी हाळी द्या. तरीही काही दिसलं, तर पाठ फिरवा, पण कानावर हाक पडेल एवढ्या अंतरावर उभे राहा. आणि खाली आल्यावर कुणी विचारलं, तर उत्तर मी तुम्हाला शिकवलंय.

मिटा डोळे. सगळ्यांनी, एक क्षण. काका, झोपू नका, नुसते मिटा! ...ही तुमची भिंत. जन्माला येताना देवानं बांधून दिलेली. आता उघडा, हात जोडा, त्याच्याकडं बघा. तो चोवीस तास वरून आपल्या सगळ्यांची परसं बघतो. आपण पडतो, रांगतो, रडतो, सगळं बघतो. आजवर त्यानं कुणाला सांगितलंय का?

आरती लावा. आणि हो, प्रसाद घेताना माझ्याजवळ येऊन कुणीतरी हळूच विचारणार, दरवेळी विचारतात, "बुवा, ते करंजवेळ म्हणजे कुठलं हो? आणि ती सुगंधा खरी कोण?"

मी काय सांगणार? मी समुद्र बघितला, मंडळी.